वाढवलेले अर्थ

भिंगरीचा पाय मुरगळला तो कचेरीच्या जिन्यात, आणि समोरून येणारा माणूस हात द्यायचा सोडून वही काढून उभा राहिला.

"हलू नका हं… असाच ठेवा पाय."

"अहो, जीव जातोय माझा."

"दोनच रेघा राहिल्यात."

हा गृहस्थ म्हणजे भिंगरीच्या प्रकाशक मावशीने मुलांच्या इंग्रजी-मराठी शब्दकोशासाठी बोलावलेला चित्रकार. एकच क्रियापद उरलं होतं, ट्विस्ट, म्हणजे मुरगळणे, पिळणे. अर्थ लिहायची भिंगरी, चित्रं काढायचा तो. चित्रं संपली की तो दुसऱ्या शहरात, एका छापखान्यात नोकरीला जाणार होता.

तिला भिंगरी म्हणत ते काही उगाच नाही. एका जागी बसेल तर शपथ! आता मात्र पायाला पट्टी बांधून दिवसभर खुर्चीत, आणि समोर तो. बरणीचं झाकण फिरवताना त्याने तिचा हात काढला, ओलं फडकं पिळताना तर चित्र बिघडलं म्हणून तीनतीनदा काढला. "मनगट जरा इकडे…" म्हणताना बोटाने नुसतं दाखवायचा, हात लावायचा नाही. तेवढ्यानेही तिचा जीव वरखाली व्हायचा.

काम संपत आलं. मग तिने अर्थ वाढवले. दोर वळणे. कान पिरगाळणे. तोंड वेडंवाकडं करणे. दुसऱ्याचं बोलणं फिरवून सांगणे.

"आता याचं चित्र कसं काढू?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

"बघतोच आहे… केव्हाचा."

तिने घाईघाईने कागदावर आणखी एक अर्थ लिहिला.

शेवटी मावशीने कागद हातात घेतले. "मुलांचा कोश आहे बाई, रामायण नव्हे." तिने लाल पेनाने निम्मे अर्थ उडवले. उरलेल्यांची चित्रं तयारच होती. झालं, संपलं काम. मावशी चहा टाकायला आत गेली.

तो पेन्सिली गोळा करू लागला, अगदी सावकाश. भिंगरी लंगडत उठली, खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. आता नाही बोललं तर जन्मभर हात चोळत बसावं लागेल, एवढं तिला कळत होतं.

"ते अर्थ… मी मुद्दाम वाढवले."

"मुद्दाम?"

"तुम्ही जाऊ नये म्हणून."

त्याचे कान लालबुंद झाले. "आणि मला वाटत होतं, लबाड मी एकटाच. फडक्याचं चित्र सारखं बिघडत होतं ना… ते बिघडत नव्हतं."

तिला हसूही आलं आणि डोळेही भरून आले. "मग… नोकरी?"

"होकार कळवला नाही अजून. म्हटलं, आधी इकडून काही कळतंय का बघू."

"कळलं ना? मग बसा खाली."

तो निमूट बसला.

"चहा दोघींचाच टाकू ना गं?" मावशीने आतून विचारलं. "तो निघाला असेल."

"तिघांचा टाक, मावशी," भिंगरी म्हणाली. "तो कुठे जात नाहीये."