वीस झोक्यांच्या आत

जिजाबाईचं पत्र येऊन अकरा दिवस झाले, तरी शालिकरामने उत्तर धाडलं नव्हतं. लिहिलं होतं, सात वेळा. पण पोरांच्या वह्या तपासायची सवय! आपल्याच मजकुरावर तांबड्या शाईच्या रेघा ओढून त्याने साती कागद फाडले.

पत्र चारच ओळींचं होतं. ‘दादा माझा पाट लावायचं म्हणतो. इंझोरीचं स्थळ आहे. मार्गशीर्षाच्या पुनवेला तो होकार कळवेल. तुमच्या मनात काही असेल तर त्याआधी लिहा. नसेल तरी लिहा.’

नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी वैधव्य. पुढे भावाने शिकवलं आणि जिजाबाई कारंज्याच्या मुलींच्या शाळेत बाई झाली. त्यांच्या समाजात विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागे, त्यात नवल नव्हतं. नवल हे, की तिने आपण होऊन विचारावं... आणि तेही कामरगावच्या या मुखदुर्बळ मास्तरला!

भेट झाली ती कार्तिकात. कापूस वेचणीचे दिवस, निम्मी शाळा शेतात. उरलेल्या पोरांनी घरच्या नव्या कापसाचं सूत वळून सारख्याच लांबीचे दोन लंबक केले आणि आढ्याला टांगले. एकाला खडा, दुसऱ्याला नांगराचा मोडका फाळ. पोरं त्यांना ‘लोंबकळे’ म्हणत. फाळ मागे पडू लागला, तसं शालिकरामने फळ्यावर ठसठशीत लिहिलं — ‘जड लंबक हळू हलतो.’

दारात कुणीतरी हसलं. हातात औषधाची बाटली, डोक्यावर पदर. आजारी चतुरामावशीकडे आलेली जिजाबाई वाटेत थबकली होती. शाळा सुटल्यावर ती आत आली.

“मास्तर, दोन्ही दोऱ्या मोजता का जरा?”

त्याने मोजल्या. फाळाची दोरी चार बोटं लांब भरली. कच्चं सूत वजनानं ताणलं होतं!

“वजनाचा दोष नाही, सुताचा हाय,” ती म्हणाली.

शालिकरामचे कान तापले. “मंग तवाच काहून नाही सांगितलं?”

“पोरायसमोर? मास्तरची फजिती पाहाले आली नव्हती मी.”

दुसऱ्या दिवशी त्याने फळा पुसला आणि पोरांना सरळ सांगितलं, “काल माझं चुकलं.” ओसरीवर जिजाबाई उभी होती. ती टक लावून पाहत राहिली... मग हळूच म्हणाली, “असा मास्तर म्या अजून पाह्यला नव्हता.”

मावशीचं दुखणं पंधरा दिवस चाललं. जिजाबाई रोज तासभर शाळेत येई. दोघांनी मिळून खेळ रचला. लंबक सोडायचा, प्रश्न विचारायचा, वीस झोक्यांच्या आत उत्तर द्यायचं. शालिकराम म्हणाला, “चुकला तो बाद.”

“छे! चुकला त्याले एक गुण, बरोबर त्याले दोन. मुका राह्यला तो बाद.”

“चुकीले गुण? कायले?”

“बोलला म्हणून.” ती हसली. “तुमाले हा नियम जड जाईन, नाही?”

जड गेलाच. ती कारंज्याला परतली, त्या दिवशी तो बैलगाडीपर्यंत गेला आणि “औषध वेळेवर द्या” एवढंच म्हणाला. औषध मावशीचं, आणि मावशी तर कामरगावातच होती!

आता पुनव चार दिवसांवर आली. त्या सकाळी खेळ रंगात असताना पुंजाजीची लेक प्रयाग, वर्गातली सगळ्यात धीट पोरगी, उभी राहिली. “मास्तर, आता तुमची पाळी. जिजाबाई परत कधी येतीन?”

लंबक सुटला. पोरं मोजू लागली. पाच... अकरा... शालिकरामच्या ओठांवर काहीतरी आलं, आणि परत गेलं. एकोणीस... वीस!

“मास्तर बाद! मास्तर बाद!”

पोरं टाळ्या पिटत होती. तोही हसला. मधल्या सुट्टीत त्याने काळी शाई घेतली; तांबडी दौत वर्गातल्या जगदेवच्या दप्तरावर ठेवून दिली, हाताशी नको म्हणून.

‘बाई, तुम्ही माझी चूक चारचौघांत काढली नाही, त्याचे उपकार मी बोलून दाखवले नाहीत. माझ्यासारख्याला तुम्ही विचारलंत, याचेही. माझ्या मनात आहे. पहिल्या दिवसापासून आहे. पगार तुमच्यापेक्षा कमी, बोलणं त्याहून कमी. तरी चालत असेल, तर पुनवेआधी, रविवारी तुमच्या दादांकडे मागणी घालायला येतो.’

परत वाचलं नाही. वाचलं असतं तर फाडलं असतं.

टपालघरात टपालवाले उत्तमराव थैलीचं तोंड बांधत होते. शालिकराम पाकीट धरून उभाच.

“मास्तर, टाकता की नुसतंच दाखवून राह्यले?” पत्त्यावर नजर जाताच उत्तमरावांच्या मिशा हलल्या. “अरे बाप्पा! त्या बाईनं चतुराबाईले निरोप धाडला होता. कामरगावचं टपाल बंद पडलं काय, म्हणून. मावशीनं मले पुसलं.”

“तुमी काय सांगितलं?”

“म्हटलं, टपाल चालू हाय. मास्तर बंद हाये.”

शालिकराम खळखळून हसला. आणि त्या हसण्यातच, पुन्हा विचार सुचायच्या आत, त्याने पाकीट थैलीत टाकलं.