आठव्या गाण्यानंतर

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या तसं धम्मपालनं मनावर घेतलं, की या खेपेला यादी पुरी करायचीच. यादी म्हणजे त्याच्या आवडत्या दहा अल्बमांची. नागपूरला बीएडला असताना हॉस्टेलात त्याच्या खोलीत राहणारा प्रवीण आता पंक, पोस्ट-पंक, इमो असल्या परदेशी रॉक गाण्यांवर इंटरनेटवर एक पान चालवत होता आणि दोन वर्षांपासून मागे लागला होता.

"दहा नावं अन् का आवडते ते लिही. पोरायले गणित समजावून सांगतं, हे नाही सांगता येत?"

आदिलाबादजवळच्या जैनथमध्ये असली गाणी ऐकणारा धम्मपाल एकटाच. तो गणित शिकवायचा त्या शाळेतही कोणाला ठाऊक नव्हतं. घरात तो आणि त्याची माय, रुख्मिणीबाई. वडील, देवाजी, जाऊन सहा वर्षं झालेली. मायचं या गाण्यांबद्दल एकच म्हणणं होतं, "एवढा काऊन वरडते बाप्पा तो? कोणी मारून राह्यलं का त्याले?"

नऊ नावं भराभर लिहून झाली. एकोणीस मिनिटांत चौदा गाणी उरकणारा एक पंक अल्बम, ज्यातला गायक श्वास घ्यायलाही थांबत नाही. एक पोस्ट-पंक, ज्यात बेस गिटार एकटी पुढं चालते आणि बाकीची वाद्यं मयतीला आलेल्या माणसांसारखी अंतर ठेवून मागून येतात. अडलं ते पहिल्या नंबरापाशी. 'पेपर ऑर्चर्ड' नावाच्या चार पोरांनी पंचवीसेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कुठल्याशा गावी, एका घराच्या तळघरात, दोन दिवसांत वाजवलेली आठ गाणी. पुढं ती पोरं पांगली. गायकाला धड गाता येत नाही, वर जाताना त्याचा आवाज फाटतो. आणि नेमका फाटतो तिथंच धम्मपालला आपलं काही तरी सापडायचं. वडील गेले त्या साली तो रोज हेच ऐकत होता.

लिहायचं तर नीट ऐकून लिहावं, म्हणून सोमवारी दुपारी त्यानं नवा हेडफोन लावला. तिसऱ्या गाण्यात गिटारी एकदम थांबतात. त्या फटीत कुकरची शिट्टी झाली.

त्यानं हेडफोन काढला. स्वयंपाकघरात गॅस बंद होता. माय अंगणात तूर निवडत बसली होती. त्यानं गाणं मागं घेतलं. पुन्हा त्याच जागी शिट्टी, लांब आणि शेवटी जरा घसरलेली. तळघराच्या वर कोणाचं तरी स्वयंपाकघर असणार, त्यानं स्वतःला समजावलं. तिकडं शिट्टीचे कुकर वापरतात का, हा प्रश्न त्यानं सोडून दिला.

चौथ्या गाण्यात, ड्रमच्या आड, एक बाई बोलत होती. दोनच वाक्यं. मग कावळा.

त्यानं प्रवीणला फोन लावला. "चौथ्या गाण्यात बाईचा आवाज हाय का रे?"

"म्हणजे काय! पहिल्यापासून हाय. हॉस्टेलात आपण तिची नक्कल नव्हतो का करत?"

धम्मपालला असं काही आठवत नव्हतं.

प्रवीणनं हसत नक्कल करून दाखवली, "नळ आले वाट्टे. बादली दे इकडं." मग म्हणाला, "कोणती भाषा असंन रे ते?"

धम्मपालनं फोन ठेवला. प्रवीण काटोलचा. घरी, दारी मराठीच बोलणारा.

मंगळवारी सकाळी माय न्हाणीपाशी उभी राहून म्हणाली, "नळ आले वाट्टे. बादली दे इकडं." भिंतीवर कावळा ओरडला. धम्मपालच्या हातातली बादली तशीच राहिली.

सोमवारी रात्री मायनं लावलेल्या कुकरची शिट्टीही तशीच घसरली होती; रोज एका गाण्यातलं घरात घडत होतं, असा तो हिशोब होता. पाचव्यात मायचा खोकला आणि दारापुढून गेलेल्या ऑटोचा हॉर्न. बुधवारी तो खोकला आला, हॉर्नही वाजला. सहाव्यात काच फुटत होती. गुरुवारी उजाडताच त्यानं काचेचे सगळे ग्लास, कपबशा, आरसासुद्धा माळ्यावर टाकला. माय बघत राहिली.

"सण हाय अन् हे काय करून राह्यला?"

"फुटतीन म्हणून ठेवले."

"बसल्या जागी काऊन फुटतीन?"

दुपारी तीनला वडिलांचा फोटो खिळ्यासकट खाली आला. काचेचा आवाज त्याला पाठ होता. आधी मोठा, मग एक लहान तुकडा बराच वेळ घरंगळत जातो तो.

माय खाली बसून तुकडे वेचू लागली. तिच्या बारीक मनगटाकडे त्याचं लक्ष गेलं. सत्तरी जवळ आलेली बाई, त्यात तो खोकला. दुसऱ्या दिवशी तो तिला हट्टानं आदिलाबादला घेऊन गेला. डॉक्टरांनी छाती तपासली, बीपी बघितलं, काही नाही म्हणाले. येताना बसमध्ये माय खिडकीपाशी बसून गुणगुणत होती. सातव्या गाण्यात तेवढंच होतं: इंजिनाची घरघर आणि तिचं गुणगुणणं.

आठवं गाणं नुसत्या गिटारींचं, गच्च भरलेलं. त्यात कोणाचाच शिरकाव नव्हता. शनिवार तसाच गेला.

पण अल्बम तिथं संपत नव्हता. त्या काळच्या काही सीड्यांवर शेवटच्या गाण्यानंतर चार-पाच मिनिटं नुसती शांतता भरलेली असायची, तशी यावरही होती. ते रिकामेपण धम्मपालनं शेकडो वेळा ऐकलं होतं.

रविवारी दुपारची जेवणं झाली. माय भांडी घासायला बसली. त्यानं हेडफोन लावला.

एक मिनिट काही नाही.

मग चटईवर कोणी बसल्याची सरसर.

"धम्मपाल."

मायचा आवाज. जवळून.

"धम्मपाल, ऊठ रे."

पुन्हा. आणखी एकदा, जरा मोठ्यानं. मग नुसतं नाव, कितीतरी वेळा.

उत्तर येत नव्हतं.

इतके दिवस तो तिच्यासाठी घाबरत होता. आता न उठणारा तो स्वतः होता.

"काऊन असा बसला?" पदराला हात पुसत माय समोर उभी होती.

त्यानं हेडफोन तिच्या कानांवर चढवला आणि ती जागा पुन्हा लावली. आयुष्यात पहिल्यांदाच ती हेडफोन लावून ऐकत होती. तिच्या कपाळाला आठी पडली.

"हा त तूच होय," ती म्हणाली.

"मी?"

"व्हय. तुया आवाज मले नाही समजणार का?"

"काय म्हणून राह्यलो मी?"

"मले उठवून राह्यला. 'माय, ऊठ व. ऊठ ना माय.' एकच लावलं हाय."

"अन् तू?"

ती ऐकत राहिली. शेवटपर्यंत.

"मी कायीच बोलून नाही राह्यली," ती हळूच म्हणाली.

तिनं हेडफोन काढला, वायर नीट गुंडाळली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. जेवणानंतर घटकाभर पडायचं म्हणून दोन चटया तिनं आधीच अंथरून ठेवल्या होत्या, पंख्याखाली, शेजारी शेजारी.

त्या दुपारी दोघंही भिंतीला टेकून बसून राहिली. आधी आडवं व्हायला दोघांपैकी कोणीच धजत नव्हतं.