चॅनेल नंबर एक

मी बटण दाबायच्या आधीच माझा फ्लॅश उडाला.

परत उडाला... मी कॅमेऱ्याला बोटही लावलं नव्हतं आणि कोपऱ्यात स्टँडवर, पांढऱ्या छत्रीत बांधलेला तो शहाणा एकटाच चमकत होता. समोर खुर्चीत बसलेले भगवानराव दर वेळी दचकत होते. त्यांच्या शेजारी बसलेली नवरी, मंजुश्री, रडायच्या बेतात आली होती.

हुलसूरच्या फंक्शन हॉलची ही मागची खोली. मंजुश्री माझी कॉलेजातली मैत्रीण. बीदरला माझा छोटा स्टुडिओ आहे, म्हणून तिनं मला बोलावलं होतं, तेही एकाच फोटोसाठी. वडिलांसोबतच्या. मागच्या वर्षी भगवानरावांना लकवा मारला आणि तोंडाची डावी बाजू ओढली गेली. तेव्हापासून ते कॅमेऱ्यासमोर आले नव्हते. आज लेकीच्या हट्टापायी कसेबसे बसले होते.

कॅमेऱ्यावर फ्लॅश लावून काढला असता, तर सगळं सपाट आणि उघडं दिसलं असतं. उजेड उजवीकडून, जरा वरून आला की डावी बाजू सावलीत राहते, माणूस पहिल्यासारखा दिसतो. त्यासाठी तर हा बिनतारी खटाटोप. कॅमेऱ्यावर ट्रिगर, लांबच्या फ्लॅशला रिसिव्हर, दोन्ही एकाच नंबरच्या चॅनेलवर. पण फ्लॅश एकदा उडाला की परत भरायला तीन सेकंद लागतात. मी दाबायची तेव्हा तो रिकामा असायचा. आणि फोटो काळा.

"संध्या, ऱ्हाऊ दे माय," भगवानराव काठी शोधत म्हणाले. "नशिबात न्हाई ते."

"दोन मिनिटं बसा, काका."

मी तरातरा हॉलमध्ये गेले. स्टेजसमोर नवरदेवाकडच्यांनी हुमनाबादहून आणलेला फोटोग्राफर उभा होता. उंच, सावळा, आणि संताप यावा इतका शांत. त्यानं बटण दाबलं की खांबांवरचे तीन फ्लॅश उडत होते. चौथा माझा, मागच्या खोलीत.

"अण्णा, तुमचा चॅनेल कोणता?"

"एक."

"बदला."

त्यानं कॅमेरा खाली घेतला. "कामून?"

"तुम्ही हितं दाबायलाव आणि तिकडं माझा फ्लॅश उडायलाय."

"मग तुम्हीच बदला की."

"माझ्या रिसिव्हरचं बटण मोडलंय. एकवरच अडकलंय ते."

"आणि माझे तीन फ्लॅश खांबाला वर बांधलेत. शिडी लावून एकेक उतरवावा लागतोय. नवरदेव तर गेटात आलाय." मग जरा थांबून म्हणाला, "आणि ते अण्णा म्हणू नका."

"कामून?"

"उगंच... पुढं अडचण व्हईल."

छत्री असती हातात तर घातली असती त्याच्या डोक्यात. पण वेळ नव्हता. मी सगळं सांगून टाकलं. लकवा, भगवानराव, मंजुश्री... सांगता सांगता माझाच आवाज ओला झाला आणि आवाज ओला झाल्याचाही राग त्याच्यावरच निघाला. त्यानं कॅमेऱ्यावरचा ट्रिगर काढून खिशात टाकला.

"जावा. नवरदेव स्टेजवर येईपर्यंत माझा एक बी फ्लॅश उडणार न्हाई."

मी पळत खोलीत आले आणि फोटो काढला. भगवानरावांनी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बराच वेळ बघितलं. मग लेकीचा हात हातात घेऊन म्हणाले, "मीच हाय की हा... अजून एक काढ."

आभार मानायला परत गेले, तर नवरदेवाचे मामा त्या फोटोग्राफरला झापत होते. भाच्याच्या आगमनाचे सगळे फोटो अंधारे आले होते. तो मान खाली घालून ऐकत होता. मामा गेल्यावर मी म्हटलं, "खरं का न्हाई सांगितलंव?"

"काय सांगू? काकांच्या तोंडाचं?"

मी नाव तेवढं विचारलं. रत्नपाल.

त्यानंतर हा माणूस दर पंधरा दिवसांनी बीदरला यायला लागला. फ्लॅशचे सेल न्यायला.

"हुमनाबादला सेल मिळत न्हाईत का?"

"मिळतेत."

"मग?"

"हितले जास्त टिकतेत."

दोन-दोन तास बसायचा. चहा प्यायचा, खिडकीतल्या उजेडावर बोलायचा, माझ्याकडं बघायचा, मी बघितलं की भिंतीकडं बघायचा... आणि शेवटच्या बसला उठून जायचा. एकदा नवा रिसिव्हर घेऊन आला आणि काही न बोलता टेबलावर ठेवून गेला. वैताग नुसता. बोलायचं असेल तर बोलावं माणसानं. पाच महिने मी रोज ठरवायची, आता आला की दारातूनच परत लावायचा. मग पंधरा दिवस होऊन सोळावा लागला की रस्त्याकडं बघत बसायची.

एका रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला.

"फोटो काढायचाय. स्थळासाठी. घरचे मागं लागलेत."

"बसा," मी म्हटलं. छत्री काढून टाकली आणि फ्लॅश सरळ त्याच्या कानाजवळ आणून उभा केला.

"हसा."

"हसायलोय की."

"असं हसतेत व्हय? पोरगी पळून जाईल." मी सात फोटो धडाधड काढले. "कोणत्या गावाला द्यायलाव?"

"हळ्ळीखेडला."

माझं गाव. गल्लीतल्या सगळ्या पोरी डोळ्यांसमोरून गेल्या. एकही मला आवडेना.

"कुणाच्या घरी?"

"बाबूलालअप्पांच्या."

माझे अप्पा. मी कॅमेरा डोळ्यावरून काढला नाही. काढवलाच नाही.

"त्यांची लेक फोटो काढती," तो हळूच म्हणाला. "लई तापट हाय म्हणतेत."

"तिला विचारलंव?"

"तेच विचारायलोय... पाच महिने झाले."

"असं विचारतेत?"

"मला दुसरं येत न्हाई. ती नको म्हणली, तर फोटो देणार न्हाई."

मी पडद्यावर बघितलं. सातही फोटोंत अर्धं तोंड काळं आणि अर्धं भाजल्यासारखं.

"हे देऊ नका. ह्यात दरोडेखोर दिसायलाव. अप्पा दारात उभं करणार न्हाईत."

छत्री परत बांधली. उजेड लांब नेला, मऊ केला. मग जवळ जाऊन त्याची कॉलर सरळ केली. सरळच होती ती. हात तिथंच राहिला जरा वेळ, आणि त्यानं श्वास रोखून धरला.

"श्वास घ्या. मरायचं न्हाई स्टुडिओत."

तो हसला. खरं हसला. तेवढ्यात मी बटण दाबलं.

"किती कॉप्या?" कॅमेऱ्याकडं बघतच मी विचारलं.

"एकच. एकाच घरी द्यायचाय."

"दोन काढते," मी म्हटलं. "एक अप्पाला दे. एक हितं ठेवून जा."

'दे' म्हटलं होतं मी, 'द्या' नाही. ते त्याला ऐकू गेलं होतं.