माळावरची सत्तावीस हिवरं

जत्रेचे तीन दिवस सरले, तिकडं गेलेलं गाव परतलं, आणि गुराख्यानं बोंब मारली. गायरानातली हिवराची सत्तावीस जुनी झाडं नाहीशी झाली होती. उरले होते काळे खड्डे. सुगरणींची घरटीही जळाली होती.

पोलीस पाटील केसरबाई पोचल्या, तोवर जमादारांनी वखारवाल्या पाशाला जीपमध्ये बसवलं होतं.

"लाकडाचा धंदा ह्याचाच. सोसायटीच्या चेअरमननंबी ह्याचंच नाव घेतलं. आणखी काय पायजे, बाई?"

"तीन दिवस कुठं हुतास, पाशा?"

"घरीच, मावशी. अम्मीला ताप. टँकर आला न्हाई, एका हंड्यावर दिवस काढले."

"साक्षीदार कोण?" जमादार हसले. "अम्मीच ना बे?"

केसरबाई खड्ड्याशी बसल्या. राखेवर पापडासारखा कडक थर होता. खाली गोळेच्या गोळे. भिजून वाळलेली राख.

सोसायटीचा चेअरमन राधाकिशन शेजारीच उभा होता. केसरबाईंचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर त्यांनीच त्याला वाढवला होता.

"टँकर कावून आला न्हाई, राधा?"

"बिघडलता, अक्का."

"उद्या कंपनीचे साहेब येणार, न्हाई का? माळ बघायला?"

"हाव. दहा हजार रोपं लावायचीत."

केसरबाई उठल्या. भावाकडं न बघता जमादारांकडं वळल्या.

"जमादारसाहेब, पाशाला सोडा. वखारवाला लाकूड नेतो, जाळत न्हाई. हितं झाडं विकायची नव्हती, नाहीशी करायची होती. वाळल्या माळावर वणवा लागंल म्हणून विस्तवावर पाणी ओतलं. गावात प्यायला न्हाई; सत्तावीस खड्डे भिजवील एवढं पाणी फक्त सोसायटीच्या टँकरात हाय."

"पण कशासाठी?"

"कंपनी दुसरीकडं जंगल तोडणार. बदल्यात तिला कुठंतरी नवं रान उभं करून दाखवायचंय. त्याचे पैसे सोसायटीला. पण नुसत्या ओसाड जमिनीवरच. आधीपासून उभ्या झाडाला, त्यातल्या पाखराला दमडी न्हाई. आपला माळ ओसाड नव्हता. म्हणून राधानं केला."



"गावासाठीच केलं, अक्का," राधाकिशन म्हणाला. "त्या पैशात तळं झालं असतं. टँकरची वाट बघणं सुटलं असतं. सत्तावीस काटेरी झाडं, त्यांचं कोण काय देत हुतं?"

"आणि पाशाला कावून पुढं केलंस?"

त्यानं मान खाली घातली. "वखार त्याची हाय. कुणालाबी पटलं असतं."

झाडांसाठी केसरबाईंनी रडू आवरलं होतं. या वाक्याला आवरलं नाही.

पाशा जीपमधून उतरला, त्यांच्याजवळ येऊन उभा राहिला.

जमादारांनी कागद पुढं ओढला. "आरोपीचं नाव सांगा."

"राधाकिशन."

"बापाचं नाव?"

पेन थांबलं होतं. जमादारांनी वर पाहिलं नाही.

केसरबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि आपल्या बापाचं नाव सांगितलं.