तीन चाकांवरचं विमान

ही गोष्ट मी शंभर जणांना सांगितली, एकानेही विश्वास ठेवला नाही. तुम्हीही ठेवू नका. फक्त मधे तोंड घालू नका.

सकाळचे दहा. तिसरा मजला. लोखंडी दार आतून कुलूपबंद, आणि खुंटीवरची एकुलती एक किल्ली गायब!

आत चौघं. बाप, त्याची थोरली बहीण, त्याची मुलगी, आणि नऊ वाजता मुलीला निरोप द्यायला आलेले शेजारचे निवृत्त फौजदार. त्यांना आत घेऊन बापानेच दार लावलं होतं, किल्ली खुंटीला अडकवली होती.

खिडक्यांना गज. चावीवाला फोनवर म्हणाला, "तीननंतर बघू." मुलीला जहाजाच्या इंजिनावर पहिली नोकरी लागलेली. धक्क्यावरून जहाजाकडे नेणारी शेवटची लाँच साडेअकराला. चुकली, तर नोकरी दुसऱ्याला.

उकाडा असा, की भिंतीवरची पाल पंख्याखाली जागा मागायला आली.

फौजदारांनी खुर्ची ओढली. "आत्याबाई, किल्ली तुम्ही घेतलीत?"

"मी कशाला? पोरीच्या जातीने इंजिनात हात काळे करू नयेत, हे मी तिच्या तोंडावर बोलले. चोरून नाही!"

"आणि तुम्ही?"

बाप पलंगाखालून बाहेर आला, केसांत जळमटं. "अहो, तिची बॅग मी भरलीय!"

"नऊ ते दहा कुठे होतात?"

"इथेच, टेबलाशी. विमानाला हात नका लावू हं, रंग ओला आहे."

टेबलावर प्लास्टिकचं विमान. जहाजावरून उडणाऱ्या अगदी सुरुवातीच्या जेटचं मॉडेल, पंख दुमडलेलं. महिनाभर खपून बापाने एकेक भाग चिकटवला होता. काल ते पूर्ण झालं, तेव्हा फौजदार पोट धरून हसले होते. नाक वर, शेपूट टेबलावर, जेवून रेललेल्या पाहुण्यासारखं. आज तिन्ही चाकांवर ऐटीत उभं.

"काका, अकरा वाजले," गज धरून उभी असलेली मुलगी म्हणाली.

फौजदार विमानासमोर वाकले. मग सावकाश सरळ झाले.

"आत्याबाई सुटल्या. भांडणाऱ्याला किल्ली लपवावी लागत नाही. लपवतो तो, ज्याला 'जाऊ नकोस' म्हणायची हिंमत नसते."

"कोण तो?" आत्या.

"असल्या विमानाच्या नाकात वजन भरावं लागतं, नाहीतर ते शेपटीवर बसतं. हे महाशय भरायला विसरले, म्हणून काल बसलं. मग आज नाक जड कशाने झालं? आणि काल वाळलेला रंग आज ओला कसा? नऊ ते दहाच्या दरम्यान नाक उघडून पुन्हा बंद केलंय. आत काय असेल, सांगा बरं!"

बाप मटकन खाली बसला. "ती गेली की घरात कोण उरतं?"

"मी काय खुंटीवरचा सदरा आहे?" आत्या कडाडली.

आता पुढचं ऐका. बाप उठला. महिन्याची मेहनत स्वतःच्या हाताने मोडली, किल्ली काढली, हसत हसत दार उघडलं, बॅग डोक्यावर घेतली आणि धक्क्याकडे असा धावला, की मागे धुळीचा—

"खोटं!" सुट्टीवर घरी आलेली मुलगी आतल्या खोलीतून ओरडली. "बाबा, नाक मी मोडलं! तुम्ही दाराला पाठ लावून उभे होतात. काकांनी आणि आत्याने दोन्ही हात धरून ओढलं तुम्हाला, तेव्हा कुठे मी बाहेर पडले!"