शंभरच्या शंभर चूक

आतिफाने त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो तिच्याच बागेत, आंब्याच्या कलमाखाली गुडघे टेकून, एका मेलेल्या माशीच्या तोंडाकडे भिंगातून बघत होता.

"कोण हवंय?" तिने दरडावलं.

तो दचकून उठला. "ही... कोंडाजी पाटलांची बाग ना?"

"त्यांची कुंपणापलीकडे. ही आमची."

चुकून आलेल्या माणसाने निमूट निघून जावं की नाही? या पठ्ठ्याने भिंगच पुढे केलं. "बघा तरी!"

नाव हुझैफा, मुक्काम दिघी. कृषी महाविद्यालयासाठी तो आंब्यावरच्या फळमाश्यांची पाहणी करत होता. तळहातावर दोन वेगळ्या जातींच्या माश्या होत्या.

"दोघी सारख्याच तर हायत," आतिफा म्हणाली.

"दोघे म्हणा. सापळ्यात फक्त नर येतात, वासाला भुलून."

"आणि माद्या?"

"त्या आंब्यात अंडी घालायच्या कामात."

"म्हणजे बायका कामात अन् पुरुष अत्तरामागे. आमच्या मोहल्ल्यासारखंच!" ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी तिला स्वतःचं हसू ऐकू आलं.

पंखाच्या टोकाचा डाग दोन्ही जातींना असतो, अंगाचा रंग वाळल्यावर फसवतो. ओळखायचं ते चेहऱ्यावरून. एकीच्या तोंडावर दोन सुटे काळे ठिपके. दुसरीचे ठिपके आडवे ताणलेले, मिशीसारखे. गावातल्या कुणाला तरी हे शिकवायचं होतं. शंभरातल्या नव्वद माश्या बरोबर वेगळ्या केल्या की तो माणूस पास. पुढे त्यानेच माश्यांच्या बाटल्या एसटीने पाठवायच्या. हुझैफाने यायची गरज नाही.

"मी शिकते," आतिफा पटकन म्हणाली.

मुरुडच्या त्या घरात ती आणि अब्बांची बहीण, फुफी, दोघीच. फुफी दिवसभर तसबीहची माळ घेऊन बसलेली. आई जाऊन चार वर्षं झाली होती, अब्बा आणि भाऊ कुवेतला. कधीमधी फोन यायचा. "सब खैरियत?" "खैरियत." संपलं बोलणं! दुपारी नारळीतून वारा घोंगावायचा आणि घर नुसतं खायला उठायचं.

दर गुरुवारी तो दिघीहून फेरीबोटीने खाडी ओलांडून यायचा. पहिल्या गुरुवारी तिच्या एकसष्ट बरोबर आल्या. मग आठवडाभर तिने इतका सराव केला, की भिंग डोळ्याला लावताच माशी ओळखू यायची. दुसऱ्या गुरुवारी सकाळी ती वाटणी करायला बसली, आणि हात थांबला. आज पास झाले तर... तो परत येणारच नाही.

तिने ठिपकेवाल्या सगळ्या मिशीवाल्यांच्या बाटलीत घातल्या. मिशीवाल्या ठिपकेवाल्यांच्या.

हुझैफाने एकूण एक माशी तपासली. फार वेळ घेतला. "अजून सराव पाहिजे," तो गंभीरपणे म्हणाला, वहीत काहीतरी लिहिलं, आणि चहा मागितला.

पुढचे चार गुरुवार असेच गेले. तो सांगायचा — अम्मी गावी असते, खोलीवर एकटाच राहतो, डब्याचं जेवण गार होईपर्यंत माश्या बघत बसतो. ती ऐकायची, चहा उगाच दोनदा उकळायची. शुक्रवार ते बुधवार मात्र सरता सरत नसत.

मे संपत आला. त्या गुरुवारी भिंगातून डोळा न काढताच तो म्हणाला, "आज पाहणी संपली. पुढल्या आठवड्यापासून दुसरा तालुका." मग हळूच, "आतिफा... डोळे मिटून वाटल्या तरी पन्नासेक बरोबर येतात. शंभरच्या शंभर चुकवायला फरक पुरता कळावा लागतो."

तिची कानशिलं तापली. "कधी कळलं?"

"पहिल्यांदाच."

"मग बोललात का न्हाय?"

"बोललो असतो, तर पास करावं लागलं असतं."

तिने बाटल्या ताटलीत उपड्या केल्या आणि एकेक माशी जिथल्या तिथे ठेवू लागली. खोटं पुरे झालं होतं. आता जायचा असेल तर जाऊ दे, पण खरं पाहून जाऊ दे.

त्याने तपासल्या. "शंभर बरोबर." आवाज पडला होता. वही मिटून तो उभा राहिला. "आता यायला मला कारण उरलं नाही."

जाणाऱ्या प्रत्येकाला ती आजवर 'जा, खुशाल जा' म्हणत आली होती. अब्बांना म्हणाली, भावाला म्हणाली. आज जीभच वळेना.

"मी हाय ना कारण!" ती म्हणाली. डोळे भरून आले तरी तिने ते वळवले नाहीत. "माणसं सवयीची होतात अन् जातात. तुम्ही न्हाय जायचं. मला तुम्ही हवे आहात."

त्याने मग वही हातातून खाली ठेवली... आणि लाजत, अडखळत विचारलं, "गुरुवारी... अम्मीला घेऊन येऊ?"

"गुरुवार फार लांब हाय," आतिफा म्हणाली. "रविवारीच आणा."