कोऱ्या लेबलची गिऱ्हाइकं

कोरी कॅसेट पंचवीसची, भरून विकायची सव्वाशेला. म्हणजे एकेकीमागे कमलाकरला शंभर सुटणार होते. पण त्याचा डोळा शंभरावर नव्हता. पनवेलची कॉलेजची पोरं नवं परदेशी संगीत घ्यायला मुंबईला जात. ती त्याच्या कॅसेटच्या दुकानाच्या पायऱ्या चढली नाहीत, तर दिवाळीनंतर उरण नाक्यावरचा गाळा चप्पलवाल्याला जाणार, हे मालकाने त्र्याण्णवच्या गणपतीतच सांगून टाकलं होतं.

मुंबईच्या दलालाने त्याला एक तबकडी दिली. लेबल पांढरं, कोरं. गाणंसुद्धा नाही, नुसता छातीत बसणारा ठोका.

"हे हाऊस म्युझिक. तिकडच्या क्लबांत नाचायचं, अंडरग्राउंड," दलाल म्हणाला. "मागितलं की आधी नाही म्हणा. आणि संपत आलंय, असं दिसू द्या."

कमलाकरने काउंटरवर वही उघडी ठेवली: 'एकूण प्रती सात.' पहिली चार नावं त्याने स्वतःच रचली. काशिराम, करंजा. दिपिका, उरण. दाजी, करंजाडे. कुमार, पनवेल. उरलेल्या तीन ओळी दोन तासांत खऱ्या गिऱ्हाइकांनी भरल्या: अथर्व, मितेश, रुचिरा. पैसे आगाऊ, कॅसेट शनिवारी. त्याने तिघांच्या तीन भरल्या आणि एक स्वतःसाठी, दुकानात वाजवायला. प्रत्येक डबीवर ज्याचं त्याचं नाव घातलं.

गुरुवारी दुपारी दारात एक माणूस उभा. अंगाला सुक्या बोंबलाचा वास.

"काशिराम. करंज्यावरनं आलोय. एक नंबर माजा हाय ना?"

शेजारच्या स्टुडिओवाल्या सत्यजीतची ही थट्टा, कमलाकरने ताडलं. वही सत्यजीत रोज चाळायचा. पण माणसाने सव्वाशे रोख ठेवले. थट्टेसाठी कोण सव्वाशे मोजतं? त्याने अथर्वची कॅसेट देऊन टाकली. पुन्हा भरता आली असती.

शुक्रवारी दिपिका आली, मितेशची घेऊन गेली. मागोमाग एक म्हातारा.

"आजोबा, हे तुम्ही ऐकणार? सत्यजीतला सांगा, पुरे आता."

"कोन सत्यजीत?" दाजी रुचिराची डबी खिशात घालत म्हणाला. "माजं नाव तर तूच लिवलंस."

शनिवारी खरं गिऱ्हाईक एकही फिरकलं नाही. कमलाकरने अथर्वच्या घरी फोन लावला.

"अथर्व?" पलीकडून बाई म्हणाली. "आम्हाला मूलबाळ नाही हो."

मितेशच्या चाळीत मितेश नव्हता. रुचिराच्या कॉलेजात रुचिरा नव्हती.

संध्याकाळी चौथा आला. कुमारला रचताना कमलाकरने गंमत म्हणून मनातल्या मनात त्याची एक करंगळी कापली होती. वहीत लिहिली नव्हती. कुणाला सांगितली नव्हती.

माणसाने चार बोटांच्या हाताने नोटा पुढे केल्या.

"कॅसेट संपल्या," कमलाकर म्हणाला.

"ती वाजतेय ना."

तो एकदाचा जावा म्हणून कमलाकरने ती काढून, स्वतःच्या नावाच्या डबीत घालून दिली.

घरी बायकोने, वसुंधरेने, दार साखळीपुरतंच उघडलं.

"कोण हवंय आपल्याला?"

वही त्याच्या काखेत होती. जिन्यातल्या दिव्याखाली त्याने ती उघडली. वरच्या चार नावांपुढे 'रोख मिळाले'. खालच्या तीन ओळी कोऱ्या. मुखपृष्ठावर 'मालक' या शब्दापुढेही काही नव्हतं.

तळाशी बेरीज मात्र होती, त्याच्याच अक्षरात. पैसे भरणारे: एकूण चार.